शाळेचं खेळ-एक्स्चेंज: युरोपातल्या मराठी शिक्षक-पालकांसाठी सुरुवातीपासून अहवालापर्यंतची वाट

युरोपात नव्याने आलेल्या मराठी घरात कधीतरी शाळेचं एक पत्र येतं. तुमच्या मुलाचा वर्ग पुढच्या वर्षी आठवडाभर दुसऱ्या देशातल्या शाळेत जाणार आहे, खर्च एरास्मस प्लसमधून, म्हणजे युरोपीय संघाच्या शिक्षणासाठीच्या अनुदान कार्यक्रमातून होईल, सोबतचे फॉर्म भरून पाठवा. पालकांना वाटतं सहल आहे. शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना वाटतं हे काम वरचं कोणीतरी करत असेल. दोन्ही समज पुढे त्रास देतात.

मी जर्मनीतल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. अर्ज लिहिण्यापासून शेवटचा अहवाल पाठवेपर्यंतची सगळी कामं या प्रकल्पांमध्ये केली आहेत. इथे ज्या प्रकाराबद्दल लिहिते आहे तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो: खेळ आणि खिलाडूवृत्ती यांच्या आधाराने मुलांना सामायिक युरोपीय नागरिकत्व शिकवणारं एक्स्चेंज. शिक्षकांनी पहिल्यापासून वाचावं. फक्त पालक असाल तर सहाव्या आणि सातव्या पायरीकडे आधी जा, वेळेचं बंधन तिथे आहे.

१. खेळ कशासाठी, हे आधी ठरवा

सामने भरवले, पदकं वाटली, सगळ्यांनी एकत्र फोटो काढले, एवढ्याने नागरिकत्व शिकवून होत नाही. हरलेली शाळा हिरमुसून घरी जाते आणि 'ते तसलेच' हा ग्रह उलट पक्का होतो. दोन शाळांचे संघ एकमेकांविरुद्ध उभे करू नका. प्रत्येक संघात दोन्ही देशांची मुलं हवीत. ही अट पहिल्या दिवसापासून पाळा.

मग खेळातली एकेक सवय घ्या आणि तिला युरोपीय संघाच्या करारातलं एकेक मूल्य जोडा. संघाच्या कराराच्या कलम २ मध्ये मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, लोकशाही, समता, कायद्याचं राज्य आणि मानवी हक्क अशी यादीच आहे. संघाच्या कामकाजाविषयीच्या कराराचं कलम १६५ खेळाबद्दल बोलतं आणि स्पर्धांमधल्या न्याय्यपणाचा व खुलेपणाचा उल्लेख करतं. अर्जात 'खिलाडूवृत्ती वाढीस लागेल' असं लिहून भागत नाही, ते वाक्य तपासणाऱ्यांनी शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं लिहा: मुलं पंचाशिवाय सामना खेळतील, नियम स्वतः ठरवतील, झालेला वाद बोलून मिटवतील, आणि तो कसा मिटवला हे लिहून ठेवतील. असं लिहिलं की काय घडणार आहे ते दिसतं आणि नंतर मोजताही येतं.

२. पैसा कुठल्या दारातून मागायचा

एरास्मस प्लसचा सध्याचा कार्यक्रम २०२१ ते २०२७ असा आहे आणि त्याची तरतूद सुमारे २६ अब्ज युरोंची आहे. संघातले २७ देश आणि नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन, सर्बिया, नॉर्थ मॅसिडोनिया, तुर्कस्तान हे जोडलेले देश त्यात पूर्णपणे सहभागी आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पालक नेहमी विचारतात: विद्यार्थ्याला किंवा पालकांना स्वतः अर्ज करता येत नाही. शिक्षकालाही स्वतःच्या नावाने करता येत नाही. अर्ज शाळेचाच असतो आणि सही मुख्याध्यापकांची किंवा संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची.

पहिल्यांदा करणाऱ्या शाळेला 'अल्प मुदतीचा मोबिलिटी प्रकल्प', म्हणजे मुलांना परदेशी शाळेत नेण्याचा प्रकल्प, सगळ्यात सोयीचा पडतो. सहा ते अठरा महिन्यांची मुदत, जास्तीत जास्त ३० जण, आणि गटाने जाण्याचा मुक्काम २ ते ३० दिवसांचा. मात्र सलग पाच वर्षांत असे तीनच प्रकल्प एका शाळेला मिळू शकतात. म्हणून दरवर्षी न्यायचा विचार असेल तर पुढे मान्यता, म्हणजे ॲक्रेडिटेशन घ्यावं लागतं.

दुसरा मार्ग 'लहान भागीदारी'चा. त्यात किमान दोन देशांतल्या दोन संस्था लागतात आणि ३०,००० किंवा ६०,००० युरोंची ठोक रक्कम मिळते. इथे एक खड्डा आहे. शालेय शिक्षणातली लहान भागीदारी आपल्या देशाच्या राष्ट्रीय एजन्सीकडे, म्हणजे देशात एरास्मसचं काम बघणाऱ्या संस्थेकडे जाते, पण तीच 'क्रीडा' या विभागात मागितली तर अर्ज थेट ब्रुसेल्सच्या कार्यकारी एजन्सीकडे जातो. प्रकल्पात खेळ आहे म्हणून सरळ क्रीडा विभागात अर्ज टाकायची घाई करू नका. मुलांचं शिकणं हा गाभा असेल तर शालेय विभागच योग्य.

राष्ट्रीय एजन्सी प्रत्येक देशात वेगळी असते. शाळांसाठी जर्मनीत बॉनची पीएडी, नेदरलँड्समध्ये नुफिक, आयर्लंडमध्ये लीरगस. तिघांकडेही फोनवर माणूस भेटतो आणि अर्जाआधी सल्ला मिळतो. तो जरूर घ्या. अल्प मुदतीच्या प्रकल्पाची तारीख बहुधा फेब्रुवारीच्या आसपास आणि मान्यतेची शरद ऋतूत असते. नक्की तारीख एरास्मस प्लसच्या दरवर्षीच्या मार्गदर्शिकेतच पाहायची, मागच्या वर्षीच्या कागदावर विसंबायचं नाही.

३. जोडीदार शाळा

ई-ट्विनिंग हा शाळा-शाळांना जोडणारा उपक्रम २००५ पासून चालू आहे. आता तो युरोपियन स्कूल एज्युकेशन प्लॅटफॉर्मवर आहे. तिथे शिक्षकाने नोंदणी करायची, शाळेकडून ती पक्की करून घ्यायची आणि जोडीदार शोधायचा. आधी काही महिने ऑनलाइन छोटा प्रकल्प एकत्र करून पाहा. पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावणारी शाळा प्रवासाच्या वेळीही तेवढेच लावते.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मोबिलिटी प्रकल्पात तुमच्या पैशातून फक्त तुमची मुलं जातात. त्यांची मुलं तुमच्याकडे येण्याचा खर्च त्यात नसतो. त्यासाठी जोडीदार शाळेने आपल्या देशाच्या एजन्सीकडे स्वतंत्र अर्ज करायला हवा. 'परतभेट पुढच्या वर्षी' असं तोंडी ठरतं, तिकडे कोणी अर्जच भरत नाही आणि मुलांची मैत्री एकतर्फी राहते. पहिल्याच बैठकीत दोघांच्या अर्जाच्या तारखा लिहून ठेवा.

४. अर्जासाठी काय तयार हवं

- ईयू लॉगिनचं, म्हणजे युरोपीय संघाच्या ऑनलाइन सेवांसाठीचं खातं. शाळेच्या ईमेलवरून काढा, स्वतःच्या नको. शिक्षक शाळा सोडून गेला की खातंही जातं.
- शाळेचा संस्था-क्रमांक, ओआयडी. तो बहुतेकदा आधीच काढलेला असतो, कार्यालयात विचारा. दुसरा काढला तर पुढे घोळ होतो.
- मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र.
- शाळेची गरज सांगणारा मजकूर. एरास्मसच्या चार प्राधान्यांपैकी लोकशाही सहभाग आणि समावेशन ही दोन इथे नेमकी बसतात.
- दिवसवार कार्यक्रमाचा कच्चा आराखडा.

समावेशनाचा मुद्दा नुसता लिहू नका, त्यामागे पैसा असतो. घरची परिस्थिती बेताची असलेल्या किंवा अपंगत्व असलेल्या मुलांच्या जादा खर्चासाठी वेगळी तरतूद मागता येते. व्हिसाचा खर्चही अपवादात्मक खर्च म्हणून दाखवता येतो. अर्ज लिहिताना गटात भारतीय, सीरियन, युक्रेनियन मुलं आहेत का, हे एकदा वर्गाची यादी समोर ठेवून पाहा.

५. आठवडा कसा बांधायचा

सगळ्या प्रकल्पाचा जीव इथे आहे, म्हणून इथे वेळ घ्या.

पहिल्या दिवशी स्पर्धा नको. अल्टिमेट फ्रिसबी घ्या. या खेळात पंच नसतो, फाउल झाला की ज्याला वाटलं त्याने सांगायचं आणि दोघांनी मिळून निकाल लावायचा. जागतिक स्पर्धांमध्येसुद्धा निर्णय खेळाडूच घेतात. सामना संपल्यावर प्रत्येक संघ समोरच्या संघाला पाच बाबींवर शून्य ते चार गुण देतो: नियमांची जाण, फाउल आणि धक्काबुक्की, न्यायबुद्धी, वागणूक, संवाद. ही गुणपत्रिका छापून न्या. तेरा-चौदा वर्षांची मुलं ती भरताना जो वाद घालतात, त्यात नागरिकशास्त्राचे चार तास मावतात. 'तो खोटं बोलला नाही, त्याला खरंच तसं दिसलं,' हे वाक्य एखादं मूल दुसऱ्या भाषेत समोरच्याला समजावतं, तेव्हा शिक्षकाने मध्ये पडू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुटबॉल-थ्री. ही पद्धत कोलंबियातल्या मेदेयीन शहरात १९९० च्या दशकात हिंसेच्या वातावरणात उभी राहिली आणि आता युरोपभर वापरतात. सामन्याचे तीन भाग असतात. आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात. मग पंचाशिवाय खेळतात. शेवटी पुन्हा बसून ठरलेले नियम पाळले का यावर बोलतात आणि एकमेकांना न्याय्य खेळाचे गुण देतात. गोलांचे गुण आणि हे गुण मिळून विजेता ठरतो, त्यामुळे जास्त गोल करणारा संघ हरूही शकतो. पहिल्यांदा असं घडतं तेव्हा मैदानावर खरा राग दिसतो. तिथेच थांबून विचारा: नियम कोणी केला होता? सगळ्यांनी मिळून. मग तो बदलायचा असेल तर काय करायचं? कायद्याचं राज्य म्हणजे काय हे त्या क्षणी मुलांना कळतं, त्याआधी फळ्यावर लिहून कळलेलं नसतं.

मुलगे-मुली एकत्र खेळवायचे असतील तर कॉर्फबॉल उत्तम. निको ब्रुकहाउझेन या ॲम्स्टरडॅमच्या शिक्षकाने तो १९०२ मध्ये बसवला. संघात चार मुलगे, चार मुली असतात, आणि मुलगे-मुली एकत्र ही रचना मुळातूनच आहे.

मराठी मुलं गटात असतील तर खो-खो आणि लगोरीला एक दुपार राखून ठेवा. खो-खोला दोन खांब आणि आखायला चुना पुरतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही, हा नियम युरोपीय मुलांना आधी जाचक वाटतो आणि मग त्यातलीच गंमत कळते: एकट्याच्या वेगावर काही होत नाही, वेळेवर खो द्यावा लागतो. शिकवण्याचं काम मराठी मुलाकडेच सोपवा. वर्षभर भाषेमुळे मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी वीस जणांना नियम समजावते, तेव्हा तिचं वर्गातलं स्थान बदलतं. एरवीच्या दिवसांत तिला ही संधी क्वचितच मिळते.

चौथा दिवस वर्गात घालवा आणि खेळातले दोन खटले घ्या. पहिला बॉसमन खटला. ज्याँ-मार्क बॉसमन हा बेल्जियन फुटबॉलपटू करार संपल्यावर लिएजचा क्लब सोडून फ्रान्समधल्या डंकर्कला जाऊ पाहत होता, पण नव्या क्लबने जुन्या क्लबला द्यायच्या बदलीच्या रकमेवरून अडला. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. करार संपल्यावर युरोपीय संघातल्याच दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जाताना रक्कम मागता येणार नाही, आणि युरोपीय संघातल्या इतर देशांच्या खेळाडूंवर संख्येची मर्यादा घालता येणार नाही. आजचे युरोपीय क्लब जसे दिसतात त्यामागे हा निकाल आहे, त्यामुळे फुटबॉलवेडी मुलं कान टवकारतात.

दुसरा खटला कमी माहितीचा आहे, पण आपल्या विषयाच्या जास्त जवळचा. दानिएले बिफी हे बर्लिनमध्ये राहणारे इटालियन हौशी धावपटू. जर्मन ॲथलेटिक्स महासंघाने नियम बदलल्यामुळे जर्मन नागरिकत्व नसल्याने ज्येष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत इतरांच्या बरोबरीने उतरण्याचा त्यांचा मार्ग बंद झाला. १३ जून २०१९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की युरोपीय नागरिकत्वातून येणारे हक्क हौशी खेळालाही लागू होतात आणि अशा बंधनाला पटण्याजोगं, प्रमाणात बसणारं कारण लागतं. निकाल आधी सांगू नका. वर्गाचे तीन गट करा: धावपटू, महासंघ, न्यायाधीश. महासंघाची बाजू मांडणाऱ्यांनाही दम असलेले मुद्दे सापडतात, म्हणून चर्चा रंगते.

आणि मग एखादं मूल विचारेल: 'माझा पासपोर्ट भारतीय आहे, मला हा निकाल लागू होतो का?' सरळ उत्तर द्या. होत नाही. संघाच्या कामकाजाविषयीच्या कराराच्या कलम २० नुसार सदस्य देशाचं नागरिकत्व असेल तरच युरोपीय नागरिकत्व मिळतं. पण तिथेच थांबू नका. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेतले बरेच हक्क प्रत्येक माणसाचे आहेत, शिक्षणाचा हक्क त्यातलाच. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नाही, पण संसदेकडे अर्ज-विनंती करण्याचा हक्क संघात राहणाऱ्या कोणालाही आहे. वर्गात कोण कुठल्या रांगेत उभं आहे हे लपवून ठेवलेलं 'सामायिक नागरिकत्व' मुलांना पटत नाही. बोललेलं पटतं.

६. भारतीय पासपोर्टवरच्या मुलांचे कागद

हे काम प्रवासाच्या किमान चार महिने आधी सुरू करा. शाळेच्या कार्यालयाला यातलं सगळं माहीत असेल असं धरून चालू नका.

पासपोर्ट: लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो. तो कधी संपतो ते आजच बघा. वकिलातीतून नवा यायला आठवडे जातात.

निवास परवाना: शेंगेन (आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या देशांचा गट) देशाचा वैध परवाना असेल तर दुसऱ्या शेंगेन देशात १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. अडचण येते ती नूतनीकरण चालू असताना. जर्मनीत त्या काळात फिक्शन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मिळतो. त्यावर निवास कायद्याच्या कलम ८१ च्या उपकलम ४ ची खूण असेल तर प्रवास करून परत येता येतं. उपकलम ३ ची असेल तर नाही. कागद उघडून खूण कुठे आहे ते बघा.

आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, शेंगेनमध्ये नाहीत. डब्लिनच्या शाळेतल्या मराठी मुलाला स्पेनला जाताना, किंवा म्युनिकच्या मुलाला डब्लिनला जाताना, एरवी व्हिसा लागतो. इथे शालेय सहलीची प्रवासी यादी कामाला येते. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेच्या ३० नोव्हेंबर १९९४ च्या निर्णयावर ती आधारलेली आहे. ठरावीक नमुन्यात शाळा यादी करते, ती घेऊन शिक्षक सोबत असतो, आणि त्या आधारे संघात कायदेशीर राहणाऱ्या तिसऱ्या देशाच्या विद्यार्थ्याला व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. काही वेळा यादीवर फोटो आणि परदेशी नागरिक कार्यालयाचा शिक्का लागतो. ज्या देशात जायचं त्याच्या दूतावासाकडून लेखी होकार मागवा आणि त्याची प्रत शिक्षकाच्या पिशवीत ठेवा. विमानतळावरच्या कर्मचाऱ्याने ही यादी कधी पाहिलेली नसते, तिथे तो कागद उपयोगी पडतो.

आरोग्य: युरोपीय आरोग्य विमा कार्ड सरकारी योजनेत असलेल्या भारतीय मुलांनाही मिळतं. पण संघाबाहेरच्या नागरिकांना ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड अशा काही देशांत चालत नाही. खाजगी विमा असेल तर हे कार्डच नसतं. दोन्ही बाबतीत वेगळा प्रवास विमा घ्या, आणि त्यात खेळताना झालेली दुखापत धरली आहे का ते वाचून घ्या.

प्रत्येक मुलाच्या पाकिटात एवढं असावं:

- पासपोर्ट आणि निवास परवाना, दोन्हींच्या प्रती वेगळ्या ठेवून
- आई-वडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र
- विमा कार्ड किंवा पॉलिसी
- ॲलर्जी, औषधं, दमा याची नोंद
- पोहण्याचं प्रमाणपत्र, कार्यक्रमात पाणी असेल तर

शेवटचा मुद्दा मराठी घरांसाठी मुद्दाम घातला. जर्मनीत झेफर्डशेन हा पोहण्याचा फक्त सुरुवातीचा बिल्ला आहे, कयाकिंगसारख्या खेळाला शाळा बहुधा त्यावरचा ब्राँझ बिल्ला मागतात. मूल नुकतंच भारतातून आलं असेल तर हे आधीच सांगा, म्हणजे त्याच्यासाठी काठावरचं काम ठरवता येईल.

७. राहणं आणि खाणं

यजमान कुटुंबात राहणार असतील तर आयर्लंडसारख्या देशात घरातल्या मोठ्यांची पोलिस पडताळणी लागते, तिला वेळ लागतो. फॉर्मवर नुसतं 'शाकाहारी' लिहू नका. मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, जिलेटिन नको, असं स्पष्ट लिहा आणि मूल आवडीने काय खातं तेही लिहा. खेळाच्या आठवड्यात मूल भुकेलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी मैदानावर उभं राहत नाही.

आपल्याकडे मूल राहायला येणार असेल तर त्याला ताटभर वाढायचा आग्रह आवरा. त्याला सकाळी साधा ब्रेड हवा असतो. वरणभात एका संध्याकाळी जरूर करा.

८. परत आल्यावर

सहभागींचे अहवाल ऑनलाइन भरायचे असतात, त्यांची लिंक ईमेलने येते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये जाते. उपस्थितीचे दाखले यजमान शाळेच्या सहीने तिथेच घ्या, परतल्यावर मागत बसलात की महिने जातात. मुलांना युरोपास मोबिलिटी हा, परदेशात काय शिकलं याची नोंद असलेला कागद काढून द्या. पुढे प्रशिक्षणाच्या जागेसाठी अर्ज करताना तो उपयोगी पडतो.

अंतिम अहवालात अल्टिमेटच्या गुणपत्रिका आणि फुटबॉल-थ्रीच्या नियमांचे कागद जोडा. पहिल्या दिवशीचे आणि शेवटच्या दिवशीचे शेजारी ठेवले की फरक आपोआप दिसतो. अनुदान ६०,००० युरोंपर्यंत असेल तर शेवटच्या हप्त्यानंतर तीन वर्षं, त्याहून जास्त असेल तर पाच वर्षं सगळे कागद जपून ठेवावे लागतात. फाइल शाळेच्या कार्यालयात ठेवा आणि तिच्यावर पुढच्या शिक्षकासाठी जोडीदार शाळेच्या समन्वयकाचा पत्ता आणि अर्जाची पुढची तारीख लिहून ठेवा.